शेततळ्याचे अनुदान: आधी शिवारात फिरा, मग पोर्टल उघडा

शेततळ्यासाठी अर्ज करणारे बहुतेक जण सुरुवात मोबाइलवरून करतात. आधी अर्ज, मग मंजुरी आणि सगळ्यात शेवटी जागेचा विचार, असा उलटा क्रम पडतो. त्यातून तयार होणारी तळी प्रत्येक तालुक्यात दिसतात: उंचवट्यावर खोदलेली, पावसाळ्यातही रिकामी आणि कडेला मातीचे डोंगर. अनुदान खोदाईचे मिळते, पाण्याचे नाही. पाणी येणार की नाही हे जागा ठरवते आणि ती जागा फक्त तुम्हालाच माहीत असते. त्यामुळे या लेखात पोर्टल मध्यावर येईल.

पाणी कुठून येणार

जूनमधल्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींच्या वेळी छत्री घेऊन शेतात उभे राहा. पाणी कोणत्या बांधावरून येते, कुठे एकवटते, कुठून बाहेर पडते हे त्या अर्ध्या तासात जितके कळते तितके नकाशावरून कळत नाही. पावसाळा निघून गेला असेल, तर वाहून आलेला काडीकचरा, घळी आणि गाळाचे थर पाहून अंदाज बांधता येतो.

आता हिशेब. एका हेक्टरवर वर्षभरात 600 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले साधारण 15 टक्के पाणी वाहून आले, तर 900 घनमीटर मिळतात, म्हणजे 9 लाख लिटर. मध्यम काळ्या, थोड्या उताराच्या जमिनीसाठी हा हिशेब जपून धरलेला आहे. वरच्या बाजूला मुरमाड पडीक माळ असेल तर जास्त पाणी येईल. सपाट, भेगाळलेली काळी जमीन असेल तर कमी येईल, कारण सुरुवातीचे पाऊस भेगांतच जिरतात.

तळ्याची मापे याच हिशेबावर ठरवायची. 1:1 उताराच्या बाजू (एक मीटर खोलीला बाजू एक मीटर आत) आणि 3 मीटर खोली धरली, तर 15 बाय 15 मीटरच्या तळ्यात 441 घनमीटर पाणी मावते, 20 बाय 20 मध्ये 876, 25 बाय 25 मध्ये 1,461 आणि 30 बाय 30 मध्ये 2,196. म्हणजे 30 बाय 30 चे तळे भरायला वरचे दोन ते अडीच हेक्टर पाणलोट तुमच्याकडे वळायला हवे. तेवढे नसेल तर 20 बाय 20 घ्या. अर्धे भरलेले मोठे तळे तोट्याचे असते, कारण पाणी उथळ पसरते आणि बाष्पीभवनाने जास्त उडते.

जागा किती जाते तेही आधी मोजा. 30 बाय 30 चे तळे कागदावर 9 गुंठ्यांचे असते. कडेची मोकळी पट्टी आणि मातीचा बांध धरला की 15-16 गुंठे जातात. दोन एकरांच्या शेतकऱ्यासाठी हा आकडा लहान नाही.

ज्या ओढ्याला पूर येतो त्याच्या पात्रात तळे घेऊ नका, पहिल्याच मोठ्या पुरात ते गाळाने भरून जाते. पाणथळ, चिबड जागा टाळा. विहिरीच्या अगदी वरच्या अंगाला प्लास्टिकचे अस्तर नसलेले तळे घेतले तर ते पाझरते, पण विहिरीला पाणी देते. हाच हेतू असेल तर ती जागा उत्तम आहे.

माती पाणी धरते का

तळ्याच्या जागी 3 मीटर खोल चाचणी खड्डा घ्या. एका कुदळवाल्याचे काम नाही, जेसीबीचा अर्धा तास लागतो, पण हा खर्च टाळू नका. वर चार फूट काळी माती आणि खाली मुरूम असे चित्र महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. वरून पाहणाऱ्याला वाटते जमीन पाणी धरेल, आणि मुरूम लागला की सगळे पाणी खाली जाते. खाली कठीण खडक निघाला तर खोदाईचा खर्च अनुदानाच्या बाहेर जातो. त्यापेक्षा जागा वीस-तीस मीटर सरकवा.

खड्डा पाण्याने भरून एक दिवस मुरू द्या, म्हणजे माती ओली होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा भरा, काठीवर खूण करा आणि सकाळी पाहा. रातोरात पाणी तळाला गेले, तर अस्तरीकरणाशिवाय तिथे तळे घेण्यात अर्थ नाही. चार बोटे उतरले तर विनाअस्तर चालेल, पुढे गाळ बसत गेला की पाझर आणखी कमी होतो.

योजना कोणती

महाराष्ट्रात वैयक्तिक शेततळ्यासाठी 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. तिचे अनुदान कमाल 50,000 रुपये होते. 2022 पासून वैयक्तिक शेततळे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत येते आणि कमाल अनुदान 75,000 रुपये आहे. हे अनुदान सरसकट नाही, तळ्याच्या मापानुसार ठरते. लहान तळ्याला कमी मिळते. जमिनीची किमान अट कोकणात 0.20 हेक्टर आणि उरलेल्या महाराष्ट्रात 0.40 हेक्टर अशी आहे. अर्जदाराने आधी कोणत्याही शासकीय योजनेतून शेततळ्याचा लाभ घेतलेला असेल तर पुन्हा मिळत नाही.

प्लास्टिक अस्तरीकरण हा वेगळा घटक आहे आणि त्याचा अर्जही वेगळा. अस्तर लागणार हे चाचणी खड्ड्याने सांगितले असेल तर दोन्ही घटक एकाच वेळी निवडा. नुसते तळे खोदून एक पावसाळा कोरडा काढणारे बरेच असतात.

ठिबक आणि तुषार संचाला केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. राज्याचे पूरक अनुदान मिळून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जाते, मर्यादा 5 हेक्टर. इथे एक गैरसमज नेहमी होतो. हे 80 टक्के तुमच्या बिलाचे नसतात, शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चाचे असतात. दुकानदाराने महाग संच दिला तर वरचा फरक पूर्ण तुमच्या खिशातून जातो.

जमीन हलकी, माळरानाची असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेकडेही पाहा. अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना गाळ वाहून पसरवण्यासाठी घनमीटरला 35.75 रुपये मिळतात, एकरी कमाल 15,000 आणि अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये. एकरी 400 घनमीटर गाळ पसरला की साधारण 10 सेंटिमीटरचा थर होतो आणि मुरमाड जमिनीला तेवढा पुरतो. भारी काळ्या जमिनीवर मात्र गाळ आणून टाकू नका, निचरा आणखी बिघडतो.

कागद आणि अर्ज

2025 च्या 15 एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणी प्रणालीचा, अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक आहे. तो नसेल तर तेथून सुरुवात. आपल्या नावावरचे सगळे गट त्याला जोडले गेले आहेत ना, हे नीट तपासा. ज्या गटात तळे घ्यायचे तोच गट सुटलेला असतो आणि अर्ज करताना तो यादीत दिसत नाही, अशी अडचण बऱ्याच जणांना येते.

त्यानंतर आधार. सातबारा, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवरचे नाव एकसारखे हवे. अनुदान तुम्ही लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते. एखाद्या जुन्या योजनेसाठी दुसऱ्याच बँकेत उघडलेले खाते आधारला जोडलेले राहते आणि पैसे तिकडे जमा होतात. कोणते खाते जोडलेले आहे हे बँकेत विचारून घ्या. ते खाते व्यवहार नसल्याने बंद पडले असेल तर रक्कम परत जाते.

सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. भाऊबंद मुंबई-पुण्याला असतात आणि सह्या गोळा करण्यातच मुदत संपते. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जात प्रमाणपत्र तयार ठेवावे.

अर्ज महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या थेट लाभ हस्तांतरणाच्या, शेतकरी पोर्टलवर होतो. पायऱ्या अशा: फार्मर आयडीने लॉगिन, माहिती पूर्ण भरणे, ‘अर्ज करा’ मध्ये सिंचन साधने व सुविधा हा भाग, त्यात वैयक्तिक शेततळे, मग इनलेट-आउटलेटसह (पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडांसह) की त्याशिवाय, माप आणि गट क्रमांक. शेवटी 23 रुपये 60 पैसे शुल्क भरून पावती जपून ठेवायची. शुल्क भरल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. माहिती साठवली म्हणजे अर्ज झाला, असे समजून वर्षभर वाट पाहणारे शेतकरी आहेत. सेवा केंद्रातून अर्ज भरत असाल तर मापाचा रकाना स्वतः पाहा. केंद्रचालक घाईत यादीतले पहिले माप निवडतो.

आधी सोडत निघत असे. 2025-26 पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे धोरण आले आहे, त्यामुळे लवकर अर्ज करण्याला आता खरी किंमत आहे. निवड झाल्याचा संदेश आला की दिलेल्या मुदतीत कागद चढवायचे. मोबाइल क्रमांक मुलाचा किंवा केंद्रचालकाचा दिलेला असेल तर हा संदेश हुकतो. आठवड्यातून एकदा पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहत राहा.

कागद मान्य झाल्यावर पूर्वसंमती पत्र येते. ते हातात पडेपर्यंत फावडेसुद्धा लावू नका. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे काम किंवा बिल अनुदानाला चालत नाही. उन्हाळा संपत आला, यंत्र गावात आले आहे, शेजाऱ्याचे काम चालू आहे, म्हणून ‘उरकून घेऊ’ असा मोह होतो, आणि इथेच सर्वांत जास्त अनुदाने बुडतात.

आखणी

पूर्वसंमतीनंतर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) जागेवर बोलवा. आखणी त्यांच्यासमोर झाली पाहिजे, कारण कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो लागतात.

फक्कीने 30 बाय 30 चा चौकोन मारा आणि दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक 42 मीटर 43 सेंटिमीटर भरला पाहिजे. कर्ण सारखे नसतील तर चौकोन तिरका आहे, आणि तिरक्या तळ्यावर अस्तर कधीच नीट बसत नाही. मग आत दुसरा चौकोन मारा. 1:1 उतारासाठी सगळीकडून 3 मीटर आत, म्हणजे तळ 24 बाय 24. बाजू 1:1.5 ठेवायच्या असतील तर साडेचार मीटर आत, तळ 21 बाय 21.

भारी काळ्या जमिनीत आमचा स्पष्ट कल 1:1.5 कडे आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, आणि उभ्या बाजू दोन पावसाळ्यांत ढासळतात. अशा तळ्याचे घनफळ 2,196 वरून 1,971 घनमीटरवर येते. उताराबद्दल अधिकाऱ्यांशी खोदाईच्या आधीच बोला, म्हणजे मोजमापाच्या दिवशी वाद होणार नाही.

खोदाई

वरची एक फूट सुपीक माती आधी वेगळी काढा. तेवढीच अडीचशे-पावणेतीनशे घनमीटर भरते. ती शेताच्या हलक्या कोपऱ्यात पसरा. ती बांधाखाली गाडली तर शेताचे सोने मुरमाखाली जाते.

त्यानंतर आतला चौकोन सरळ 3 मीटर खाली न्यायचा आणि शेवटी बाजू तासून उतार द्यायचा. यंत्रचालक उलटे करतो, वरून ओबडधोबड उतार देत खाली जातो आणि तळ लहान राहतो. तळ दोन-दोन मीटरने आत आला तर शेकडो घनमीटर कमी भरतात, आणि मोजमापात ते दिसते.

यंत्र ताशी दराने लावायचे की घनमीटरवर? घनमीटरवर ठरवा. गावात ब्रासची भाषा चालत असेल तर एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे 2,196 घनमीटरचे सुमारे 776 ब्रास. ताशी दरात खडक लागला, डिझेल संपले, चालक चहाला गेला, सगळे तुमच्या खात्यावर चढते.

काठापासून एक मीटर मोकळी पट्टी सोडूनच माती टाका. ही पट्टी सोडली नाही तर बांधाचे ओझे बाजूवर येते आणि पहिल्या मोठ्या पावसात तो भराव तळ्यात उतरतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला वाळा किंवा मारवेल लावा, बांधावर मोठी झाडे नकोत. त्यांची मुळे बांधात वाटा करतात.

येणारे आणि जाणारे पाणी

सगळ्यात कमी लक्ष इथे दिले जाते आणि तळी इथेच फुटतात.

पाणी आत येण्याआधी गाळ बसायला खड्डा हवा. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा बहुतेक ठिकाणी पुरतो. दर मोठ्या पावसानंतर तो उपसावा लागतो. तो नसेल तर तळ्याचा तळ दरवर्षी वर येत राहतो. खड्ड्यातून तळ्यात पाणी उतरते त्या उतारावर दगडी पिचिंग करा. अस्तर असेल तर पाणी पाइपने आत घ्या, नाहीतर ते प्लास्टिकच्या खाली शिरते आणि संपूर्ण अस्तर वर उचलते.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, आत येणाऱ्या तोंडापेक्षा रुंद हवा, पातळीने त्याच्यापेक्षा थोडा खाली आणि बांधाच्या माथ्यापासून किमान एक फूट खाली. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका, चर काढून नैसर्गिक ओघळीला मिळवा. तळ्यावरून होणारी निम्मी भांडणे सांडव्याची असतात.

अस्तर

फिल्म 500 मायक्रॉनची, आयएस 15351 हे मानक छापलेली घ्या. किती लागेल? 1:1.5 उताराच्या 30 बाय 30 तळ्यात तळ 21 मीटर, बाजूची तिरपी लांबी दोन्हीकडे 5.4 मीटर आणि काठावर चरात गाडायला दोन्हीकडे दीड-दीड मीटर. बेरीज 34.8, म्हणजे 35 बाय 35, एकूण 1,225 चौरस मीटर. विक्रेत्याचा आकडा याच्या फार वर गेला तर कारण विचारा.

अंथरण्याआधी दगड, मुळ्या, धसकटे हाताने वेचून काढा आणि तळावर व बाजूंवर चाळलेली मऊ माती चोपून घ्या. फिल्म सकाळी लवकर अंथरा आणि थोडी सैल ठेवा. भर उन्हात ताणून बसवलेली फिल्म थंडीत आक्रसते आणि सांध्यात फाटते. काठावर अर्धा मीटर रुंद आणि तेवढाच खोल चर घेऊन तिचे टोक मातीने दाबा. बसवल्या दिवशीच फूटभर पाणी सोडा, नाहीतर वारा आत शिरून फिल्म फुगवतो. पुढेही उन्हाळ्यात तळ पूर्ण कोरडा करू नका. उंदीर-घुशी, काठावर येणारी जनावरे आणि पायातल्या चपला, फिल्मला भोके याच तिघांमुळे पडतात.

अस्तराच्या तळ्यात बोअरचे पाणी उपसून साठवायची पद्धत बरीच पसरली आहे. विजेच्या वेळा जुळवायला दोन-चार दिवसांचा साठा ठेवणे समजण्यासारखे आहे. पण महिनोन्‌महिने साठवण्यासाठी भूजल उन्हात आणून ठेवणे म्हणजे शेजारच्या विहिरीचे पाणी आकाशाला देणे. 30 बाय 30 च्या तळ्यातून दिवसाला 5 मिलिमीटर उडाले तरी 4,500 लिटर जातात, महिन्याला 1 लाख 35 हजार. एप्रिल-मेमध्ये हा वेग आणखी वाढतो.

कुंपण आणि दोर

अस्तराच्या तळ्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येऊ शकत नाही. ओल्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही आणि धरायला काहीच नसते. दरवर्षी मुले अशा तळ्यांत बुडतात. म्हणून पाणी सोडण्याच्या आधी, नंतर नाही, चारही बाजूंनी किमान पाच फूट जाळीचे कुंपण आणि कुलपाचे फाटक. चारही बाजूंना दर फुटावर गाठ मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवा, बाहेरच्या खुंट्याला पक्का बांधलेला. खुंटा काठाच्या चराच्या बाहेर ठोका, फिल्ममधून नाही. पाण्यावर हवा भरलेली एक-दोन ट्यूब तरंगती ठेवा. हा खर्च अनुदानात बसो न बसो, हा करायचाच.

मोजणी, बिल, पैसे

काम पूर्ण झाले की पोर्टलवर बिले चढवायची. बिल तुमच्या नावाचे, जीएसटी क्रमांकाचे आणि पूर्वसंमतीनंतरच्या तारखेचे हवे. पैसे तुमच्या खात्यातून द्या, रोखीत नको. मग मोका तपासणी, म्हणजे जागेवरची पाहणी, होते. मापे घेताना स्वतः हजर राहा आणि खोली तळाच्या चारही कोपऱ्यांत मोजायला लावा. मोजणी पहिल्या पावसाच्या आधी झाली पाहिजे, पाणी भरल्यावर खोली कोणी मोजत नाही आणि प्रकरण पुढच्या उन्हाळ्यावर जाते. अनुदान नंतर येत असल्याने खोदाईचा पैसा आधी तुमच्याच हातात हवा, हे धरूनच यंत्र बोलवा. तळ्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या.

पाणी वापरताना

एक एकरला 50 मिलिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे 2 लाख लिटर लागतात. म्हणजे भरलेले 30 बाय 30 चे तळे, बाष्पीभवन वजा जाता, सात-आठ एकरांना एक संरक्षित पाणी देते. ऊस जगवण्याचे हे पाणी नाही. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली की सोयाबीनला शेंगा भरताना, पुढे तुरीला फुलोऱ्यात आणि हरभऱ्याला घाटे भरताना, अशा एकेका पाळीसाठी ते आहे. तुषारने किंवा ठिबकने द्या, पाटाने दिले तर निम्मे वाटेतच मुरते.

पंप नसेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेततळे हा पाण्याचा स्रोत म्हणून चालतो. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. हा अर्ज महावितरणकडे जातो, महाडीबीटीवर नाही, आणि त्याला वेळ लागतो. तळ्याची सातबारा नोंद झाली की लगेच भरा, म्हणजे ऑगस्टमधल्या ओढीत तळे भरलेले असताना डिझेल इंजिन शोधत फिरावे लागणार नाही.